चुकवलेलं दार

मास्तरांचं शिवणाचं दुकान जळालं तेव्हा मास्तर रडले नाहीत. कापड गेलं, दोन्ही मशिनी गेल्या, गिऱ्हाइकांचे कपडे गेले, तरी गडी ताठ. रडकुंडीला आले ते घड्याळवाल्यांमुळे.

आता ह्यात रडण्यासारखं काय, तर ऐका. मास्तर राहायचे त्या इमारतीत सगळी ज्यू बिऱ्हाडं. शुक्रवारी, शब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस लागायच्या आधी, घड्याळवाले सदाक्याचा डबा घेऊन दारोदार फिरायचे. सदाका म्हणजे गरजूंसाठीचं देणं. मनात आलं तर द्या, नाहीतर राहू द्या, अशातला प्रकार नाही, पाणीपट्टीसारखं भरायचंच. डबा खुळखुळत यायचा, प्रत्येक दाराशी थांबायचा. पण आग लागल्यापासून मास्तरांचं दार आलं की घड्याळवाले डबा पोटाशी धरायचे आणि चवड्यांवर पुढे सटकायचे. ह्याच डब्यातून ज्याच्या घरी पीठ-तांदूळ आणि वरखर्चाचे चार पैसे जातात, त्याच्याकडे मागायचं कुठल्या तोंडानं? भला माणूस, पण अक्कल बघा!

मास्तर आतून सगळं ऐकायचे.

"आपण माणसांतून उठलो," ते बायकोला म्हणाले. "आजही तो तसाच गेला, तर तुझा भाऊ बोलावतोच आहे, त्याच्या गावी गोदामात जाऊन पोती उचलीन. तिथं मला कोणी ओळखत तरी नाही."

"ह्या वयात पोती?" बायको म्हणाली. "काहीतरीच तुमचं." पण तिला ठाऊक होतं, मास्तर बोलले की करायचे.

जिन्यात खुळखुळ आली. शेजारच्या दाराशी थांबली. मग एकदम चिडीचूप. मास्तरांनी धाडकन दार उघडलं.

"काय हो, घड्याळातला केसाएवढा काटा दिसतो, आणि माझं दार दिसत नाही?"

घड्याळवाले चवड्यांवरच थिजले. "मास्तर, तुमची सध्याची ओढाताण... म्हटलं, तुम्हाला कशाला लाजवायचं..."

"मागितल्यानं लाज नाही वाटत, वगळल्यानं वाटते! सदाक्यावर जगणाऱ्यानंही सदाका द्यायचा, हा नियम मला सांगितला कोणी? तुम्हीच ना? मग मी काय मेलो?"

"अहो, दया आली म्हणून..."

"दया घाला चुलीत! माझं देणं घ्या आधी."

बायकोनं लगबगीनं एक नाणं आणून दिलं. देताना कुजबुजली, "अहो, हे त्यांच्या डब्यातूनच आलंय."

"आलं ना? मग आता आपलं झालं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी ते डब्यात टाकलं. घड्याळवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"चुकलो, मास्तर. दर आठवड्याला तुमच्या घरी धान्य पाठवायचो आणि वाटायचं, किती भलं करतोय मी. तुमचं काय काढून घेतलं ते कळलंच नाही."

"बरं, बरं. पुढच्या शुक्रवारी जोरात वाजवत या. तोवर कुठंतरी हातशिलाईचं काम बघतो. सुई काही जळलेली नाही."

घड्याळवाले गेले. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा डबा वाजवत गेले. दिवे लागायच्या आत मास्तरांनी मेहुण्याला फोन लावला.

"मी येत नाही रे."

"का, भाऊजी? तिकडे काम मिळालं?"

"मिळेल. पण इथं लोक माझ्याकडे मागायला येतात."

मेहुण्याला ओ की ठो कळलं नाही. बायकोला कळलं, आणि ती पदरात तोंड घालून रडली.