ढेकर माझा होता

आवाज ओळखीचा वाटणार नाही, कारण आजवर तुम्ही माझी फक्त फसफस ऐकली आहे. मी खायचा सोडा. दिसायला पिठासारखा, चवीला किंचित खारट आणि भावाने इतका हलका, की दुकानदार मला सगळ्या सामानाच्या शेवटी, आठवण झाली तर, पिशवीत टाकतो. पण या स्वस्तपणामुळेच माझ्यावर लोकांचा फार विश्वास. महागाच्या औषधाला माणूस दहा प्रश्न विचारतो. मला एकही नाही.

मिठाच्या घराण्यातला मी, पोटात वायू कोंडून जन्माला आलेला. काही आंबट भेटलं की तो वायू सोडून द्यायचा, एवढाच माझा स्वभाव. त्यावरच केक फुगतात. करपलेली पातेली उजळतात तीही माझ्याच हाताने. तुमच्या रक्तातसुद्धा माझाच अंश असतो. तिथे आंबटपणा वाढू न देण्याची नोकरी तो गुपचूप करतो.

मी राहायला आलो एका बेकरीत. मालकांना सगळे दादा म्हणत आणि गल्ल्यावर बसणाऱ्या त्यांच्या बायकोला वहिनी. खाली भट्टी, वर घर, मध्ये अरुंद जिना. माझा मुक्काम भट्टीजवळच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात. डबा पुरता रिकामा होऊ द्यायचा नाही, जुन्यावरच नवा ओतायचा, ही दादांची पद्धत. त्यामुळे त्या घरात मी वर्षानुवर्षं तोच राहिलो.

त्यांची आणखी एक रीत होती. पीठ भिजवण्याआधी वाटीत थोडं व्हिनेगर घ्यायचं आणि चिमूटभर मला त्यात टाकायचं. फेस उसळला की म्हणायचे, "जिवंत आहे," आणि मगच कामाला हात लावायचे. एकदा एका व्यापाऱ्याने दमट, मेलेला सोडा त्यांच्या गळ्यात मारायचा बेत केला. दादांनी त्याला बसवलं, चहा पाजला, गरम बिस्किटं पुढे केली आणि मग शांतपणे वाटी आणून ठेवली. वाटीत एक बुडबुडा उठेना. तुमच्या सोड्यापेक्षा माझ्या चहालाच जास्त फेस आहे, असं दादा म्हणाले. तोही हसला, पोतं उचलून घेऊन गेला आणि पुढे कायम चोख माल देत राहिला. तेव्हापासून दादांची खात्रीच झाली की फेस खोटं बोलत नाही.

इथेच सगळं चुकलं.

दादांच्या छातीत जळजळायला लागलं. मैद्याचं पोतं उचललं की, जिना चढला की. ते स्टूल ओढून बसायचे, पेल्यात पाणी घेऊन मला ढवळायचे आणि घोट घोट प्यायचे. थोड्या वेळाने मोठा ढेकर यायचा. "बघितलंस? गॅसच होता," असं ते गल्ल्याकडे तोंड करून सांगायचे, जणू वाटीत फेस आला होता.

वहिनींचं डोकं हिशेबाला पक्कं. त्यांनी बरोबर बोट ठेवलं होतं. "अहो, जेवल्यावर दुखत नाही, जिना चढल्यावर दुखतं. जिन्याने कसला गॅस होतो?"

"तुझ्या हातचं जेवून जिना चढतो ना, म्हणून."

बेकरीतले सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण डॉक्टरची वेळ त्यांनी त्याच दिवशी घेऊन टाकली.

मला मात्र ठाऊक होतं. आंबट पोटात मी उतरलो की वायू सुटणारच. तो ढेकर माझा होता, त्यांच्या दुखण्याचा नव्हता. निरोगी माणसाने मला प्यायलं तरी ढेकर येतो. आणि बरं वाटायचं ते माझ्यामुळे नव्हे. मला ढवळायला ते खाली बसायचे, थकलेल्या काळजाला तेवढीच विश्रांती मिळायची. काम स्टुलाचं, नाव माझं. पण सोड्याला तोंड कुठे असतं?

डॉक्टरकडे जायचा दिवस आला. दादांनी निळ्या रेघांचा शर्ट घातला, जिना उतरून खाली आले आणि पुन्हा जळजळलं. कपाळावर, पाठीवर घाम फुटला. वहिनी म्हणाल्या, असेच चला, रिक्षा बाहेर उभी आहे. दादांनी हाताने थांब म्हटलं आणि डबा काढला. पाणी, चमचा, घोट. मी पोटात उतरलो. त्या वेळी माझ्या जागी मेलेला सोडा असता तर किती बरं झालं असतं.

मी जिवंत होतो. ढेकर आला.

"झालं, मोकळा झालो. आता तिथे जाऊन त्या डॉक्टरला काय दाखवू?" असं म्हणत त्यांनी पिठाच्या हातांनीच शर्ट काढून भट्टीजवळच्या खुंटीला लावला, रिक्षावाल्याला पाव देऊन परत पाठवलं आणि भट्टीपाशी गेले. वहिनी काही वेळ दारातच उभ्या राहिल्या, पायात चपला तशाच.

दुपारी केकचा ट्रे भट्टीतून काढताना दादा खाली बसले. या वेळी स्टूल जवळ नव्हतं.

दवाखान्यातून वहिनी एकट्याच परत आल्या आणि त्यांनी आपल्या भावाला सांगितलं ते मी फळीवरून ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, हे हृदयाचं दुखणं होतं, बऱ्याच दिवसांचं. वेळेवर आले असते तर उपाय होता. "मी सांगितलं त्यांना, ढेकर येत होता म्हणून," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, बाई, तो सोड्याचाच ढेकर."

बेकरी बंद झाली. वहिनींच्या सोबतीला मुलगा आणि सून राहायला आले. सून गुणाची, घर झटकून पुसून लख्ख ठेवणारी. कपाटाला कोंदट वास येतो म्हणून तिने डब्यात उरलेला सगळा मी एका वाटीत ओतला आणि वाटी कपाटात ठेवून दिली.

तिथे निळ्या रेघांचा शर्ट होता, न धुतलेला. दुपारी घर निजलं की वहिनी कपाट उघडायच्या, शर्टात तोंड खुपसून उभ्या राहायच्या. त्यात घाम होता, मैदा होता, भट्टीची धग होती. कपाट लावताना त्यांचा चेहरा जरा सैल झालेला असायचा.

आणि मी माझं काम करत होतो. घामही आंबटच असतो ना. दारं बंद झाली की अंधारात मी तो थोडा थोडा टिपत राहिलो. मला थांबता येत नाही.

एका दुपारी वहिनींनी शर्ट नाकाशी धरला. कॉलर हुंगली, बाही हुंगली, आतून उलटून पाहिला. सून पाठीमागे येऊन उभी राहिली. "काय शोधताय, आई?"

"काही नाही. वास गेला."

"गेला ना? सोड्याने जातोच."

वहिनींनी शर्टाची घडी घातली. "हो गं. चांगलं केलंस," त्या म्हणाल्या आणि सूनबाईच्या पाठीवरून हात फिरवला.

बाबांनो, केकात घाला मला, भांड्यांना लावा. कधी चार घास जास्त झाले तर चिमूटभर पोटातही घ्या. पण चालताना, चढताना छाती दुखली आणि बसल्यावर थांबली, तर मला साक्षीला बोलावू नका. ढेकर मी कुणालाही देतो. चपला घातल्या असतील तर तशाच दवाखान्यात जा.

वाटी अजून कपाटातच आहे. वहिनींनी तिच्यावर झाकण ठेवलं आणि ती शर्टाच्या घडीवर ठेवली. कधीतरी त्या झाकण काढतात, मला नाकाजवळ नेतात, डोळे मिटतात. त्यांना हवं ते माझ्यातच कुठेतरी आहे. पण एकदा घेतलेलं परत द्यायची कला मला कुणी शिकवली नाही.