राउटरला शिवलेली खोळ

“आई, तिसरा दिवा हिरवा झाला की मगच मावशीला फोन लाव. घाई करू नकोस. तो बिचारा जागा व्हायला जरा वेळ घेतो.”

मित्रांनो, हा आवाज मला अजून आठवतो. बोलणारा या घरातला मुलगा, ऐकणारी त्याची म्हातारी आई, आणि तो ‘बिचारा’ म्हणजे मी. मी एक जुना राउटर आहे. भिंतीतून आलेल्या वायरमधून इंटरनेट घ्यायचं आणि घरभर वाटायचं, एवढंच माझं काम. आता मी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर पडून आहे. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळलेली आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे पुष्कळ हात होते. एका हाताने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसऱ्याने स्क्रू आवळले. शेवटच्या हाताने मला उलटं करून पोटावरची बारीक भोकांची जाळी नीट मोकळी आहे ना, हे फुंकर मारून पाहिलं. ती आम्हा राउटरांची नाकपुडी. काम करताना आम्ही तापतो, आणि ती ऊब त्या जाळीतून बाहेर जाते. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मला सांगता कुठे येतं? माझ्याजवळ बोलायला चार दिवे आहेत, एवढंच.

मुलाचं ऑफिस घरातून चालू झालं तेव्हा त्याने मला आणलं. बैठकीच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशेजारच्या फळीवर मला जागा मिळाली. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मुलगा मला ‘घरातला कमावता’ म्हणायचा. सून मीटिंगमधून उठली की माझ्याकडे बघून हात जोडायची आणि हसायची. पुढे दोघांची ऑफिसं पुन्हा बाहेर सुरू झाली. दिवसभर घरात फक्त आई आणि मी उरलो.

तिथून माझ्या आयुष्याचे खरे चांगले दिवस सुरू झाले.

आईची थोरली बहीण, ताई, दूरच्या गावी राहायची. एस.टी.ने सकाळी निघालं तर संध्याकाळी पोचायचं, इतकं दूर. ताईंची नजर गेली होती, त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची देखभाल करणारी एक बाई होती. दुपारी जेवणं आवरली की ती ताईंच्या उशाशी टॅबलेट उभा करायची, आणि इकडे आई माझ्या फळीखालच्या खुर्चीत बसून जाड भिंगाचा चष्मा लावायची. मग ती एका जुन्या कादंबरीतलं थोडं थोडं ताईंना वाचून दाखवायची. एका होड्या बांधणाऱ्या सुताराची ती गोष्ट होती. तो समुद्रावर जातो आणि मागे त्याची लेक राहते.

लहानपणी आईला गोवर आला होता. अंधाऱ्या खोलीत तिला निजवून ताईंनी दाराच्या फटीतल्या उजेडात हीच गोष्ट तिला वाचून दाखवली होती. आता ती वाचत होती आणि ताई ऐकत होत्या.

दुपारचं ते वाचन आईचा नेम होता. पाहुणे असोत, अंग दुखत असो, नेम चुकायचा नाही. आणि काय त्या दोघींच्या गप्पा! चित्र जरा अडकलं की देखभाल करणारी बाई ताईंना सांगायची आणि ताई म्हणायच्या, “छोटे, तुझं तोंड उघडंच राहिलंय म्हणे. मीट ते, माशी जाईल.”

“ताई, तू ऐकतेयस का झोपलीस?”

“झोपले तरी ऐकते मी. तू मात्र पानं गाळतेस. मघाशी तो सुतार घरात होता, एकदम बंदरावर कसा गेला?”

“चालत गेला! आता प्रत्येक पाऊल मोजून सांगू का?”

मग दोघी हसत बसायच्या. साठ वर्षांपूर्वीचं हसू माझ्यामधून जायचं यायचं, आणि माझे दिवे लुकलुकायचे. माझ्यामधून पुष्कळ काही गेलं, पण एवढं स्वच्छ काही गेलं नाही.

एके दिवशी ताई म्हणाल्या, “शेवट काय होतो ते मला आठवतच नाही गं. तो परत येतो का नाही? मध्येच मला बोलावणं आलं तर जीव अडकून राहील त्यात.”

“असं भलतं बोलू नकोस.”

“बरं नाही बोलत. पण तू गोष्ट अर्धी ठेवू नकोस. शेवटचं पान तूच वाचायचं. या बाईकडून नाही. ती बातम्या दिल्यासारखं वाचते.”

“मीच वाचीन ताई. शब्द देते.”

मित्रांनो, आईचा एक स्वभाव होता. जे जे मोलाचं, ते ते झाकून ठेवायचं. तिच्या शिलाई मशीनला खोळ होती, टीव्हीला होती, मिक्सरला होती. रिमोट तर प्लॅस्टिकच्या पिशवीत राहायचा. सून गमतीने म्हणायची, “आई, मी जरा वेळ सोफ्यावर स्थिर बसले की मलाही खोळ शिवाल तुम्ही.” पाहुणे आले की मात्र सगळ्या खोळी निघायच्या. त्यांच्यासमोर वस्तू लख्ख दिसल्या पाहिजेत! पाहुणे जिना उतरेपर्यंत खोळी परत चढलेल्या असायच्या.

तर ताईंनी शब्द घेतला त्याच आठवड्यात आईने माझ्यासाठी खोळ शिवली. जुन्या रजईतलं उरलेलं कापूस भरलेलं निळं कापड, कडेने पांढरी शिवण. मला ती घालताना म्हणाली, “माझ्या बहिणीला रोज घेऊन येतोस रे बाबा. धूळ नको लागायला तुला.” माझ्या अँटेना बाहेर राहाव्यात म्हणून दोन काजंसुद्धा केली होती. जाळीसाठी मात्र काहीच नव्हतं. ते तिला कोण सांगणार?

पहिले काही महिने थंडीचे होते, निभावलं. मग ऊन वाढलं. दुपारी पश्चिमेचं ऊन फळीवर यायचं, वर रजईचं पांघरूण, आणि नेमकी तीच वेळ वाचनाची. मी तापायचो. डोकं गरगरायचं. तिसरा दिवा लाल व्हायचा आणि माझी शुद्ध हरपायची. तिकडे सुताराची होडी वादळात शिरलेली असायची आणि इकडे आईचं वाक्य अर्धंच राहायचं.

घरात मोबाइलला रेंज जेमतेम खिडकीशीच, बोलण्यापुरती मिळायची. आई खिडकीच्या गजाला टेकून ताईंकडे फोन लावायची, पण साध्या फोनचं त्यांना ऐकू यायचं नाही. देखभाल करणारी बाई म्हणायची, “टॅबलेट छातीवर धरून बसल्यात हो. म्हणतात, छोटी लावेल आत्ता.”

संध्याकाळी मुलगा घरी यायचा. दिवे बघायचे म्हणून आधी माझी खोळ काढायचा. ऊन गेलेलं असायचं. मोकळ्या हवेत मी सावरायचो आणि लगेच चारही दिवे हिरवे! पण तोवर तिकडे ताईंना झोप लागलेली असायची.

“आई, चालतंय की! तू दुपारी भलतंच बटण दाबत असशील.”

“मी कशाला दाबू? मी तर त्याला हातसुद्धा लावत नाही.”

कंपनीला फोन झाला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “बटण बंद करा, थोडा वेळ थांबा, परत चालू करा.” बंद करायला खोळ काढावी लागायची. मी गार व्हायचो, चालू व्हायचो. मुलगी म्हणायची, “बघा, झालं ना?” प्रत्येक उपायाची सुरुवात खोळ काढण्याने व्हायची, आणि शेवट आईने ती मायेने परत चढवण्याने. त्या घरात खोळ भिंतीच्या रंगासारखी होती. कोणाला दिसतच नव्हती.

मग नेटवाला आला. तो येणार असा निरोप आल्याबरोबर आईने माझी खोळ काढून घडी घातली. परका माणूस घरी येणार ना! त्याने वायर बदलली, वेग मोजला. “आजी, एकदम फर्स्टक्लास आहे. काही प्रॉब्लेम नाही.” चहा पिऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. भिंतीतलं सॉकेट बदललं आणि जाता जाता मुलाला फोनवर म्हणाला, “आजींना करमत नसेल हो. उगाच बोलवतात.”

आईने हे ऐकलं. ती कादंबरी उघडून, खूण घातलेल्या पानावर नुसता हात ठेवून बसली.

“मी जाऊन येऊ का रे तिच्याकडे?” एकदा तिने विचारलं.

“तुझे गुडघे? दोन मजले उतरायचे, मग दिवसभर एस.टी. होईल गं उद्या चालू.”

असे कितीतरी ‘उद्या’ गेले. मी ते सगळे पाहिले. लाल दिवा पेटवून मी ओरडत होतो, पण खोळीच्या आतून तो कोणाला दिसणार?

एका दुपारी नेटवाला वरच्या मजल्यावर दुसऱ्या कामाला आला होता. जाता जाता सहज डोकावला. निरोप नव्हता, म्हणून माझी खोळ काढलेली नव्हती. त्याने हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“आजी! हा तव्यासारखा तापलाय. हे पांघरूण कोणी घातलं?”

“मीच. रोज असतं.”

“मग मागच्या वेळी मला कसं नाही दिसलं?”

“तुम्ही येणार म्हटल्यावर मी काढून ठेवायचे. येणाऱ्या माणसापुढे वस्तू झाकलेली बरी दिसत नाही.”

तो खुर्चीच्या कडेवर बसून हळूच म्हणाला, “मीपण विचारलं नाही, आजी. आणि आतलं जळलंय आता. नवीनच घ्यावा लागेल.”

आईने खोळ हातात घेतली. ती अजून गरम होती. “म्हणजे मीच ताईचं तोंड बंद केलं होतं,” एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी मुलाने नवा राउटर आणला. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. त्यात ताई दिसल्या. डोळे मिटलेले, गाल आत गेलेले. आईने हाका मारल्या. ताई हलल्या नाहीत.

“यंत्रातलं काही पोचत नाही आता त्यांना,” देखभाल करणारी बाई म्हणाली. “अगदी कानाशी तोंड नेऊन बोललं तर बोट हलवतात. गेल्या आठवड्यापर्यंत विचारत होत्या हो, छोटीचा फोन आला का.”

मुलाचा चेहरा उतरला. “आई, रविवारी मी सोडतो तुला गाडीने. नक्की.”

“रविवार तुझा आहे रे,” आई शांतपणे म्हणाली. “तिचा आहे का, ते कोणाला ठाऊक.”

मित्रांनो, मी आता भंगारात जाईन, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. माझी विनवणी एवढीच आहे. आमच्यावर माया करा, पण आम्हाला श्वास घ्यायला वाट ठेवा. यंत्र लाल दिवा दाखवत असेल तर त्याच्या अंगाला एकदा हात लावून बघा. आणि आमच्या पलीकडे जे माणूस वाट बघत असतं, त्याला आमच्या भरवशावर ठेवू नका. आम्ही बंद पडतो आणि परत चालूही होतो. माणसाचं तसं नसतं.

आज सकाळी घर अजून झोपेत होतं. आईने आंघोळ केली, देवापुढे हात जोडून उभी राहिली, मग कादंबरी टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली. पिशवीत तिने चष्मा ठेवला, एक साडी ठेवली. सून जागी झाली. तिने पाण्याची बाटली भरून दिली आणि सासूच्या पायांत चपला सरकवल्या.

“स्टँडपर्यंत येते मी.”

“नको. त्याला डबा दे वेळेवर. पोचले की कळवते.”

दार आवाज न होता लागलं. मी जिन्याकडे कान लावला. एक पायरी, मग थांबणं. कठड्यावरून हात सरकल्याचा आवाज. पुन्हा एक पायरी. मधल्या मजल्यावर ती बराच वेळ थांबली, आणि मला वाटलं की परत फिरते. मग खालची पायरी वाजली.