पाच आणि ग्रॅम यांच्यामधली गाळलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. मला लिहिता येते फक्त इंग्रजी, पण ऐकले सगळे मराठीच. १९६६ साली पिंपरीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला हार घालून बसवले, तेव्हा झेंडूची पाकळी दांड्यांत अडकून माझे एक अक्षर दोन दिवस उठेना. नंतर मात्र मी कधी अडलो नाही. चित्राताई माझ्यावर टाइप करत. चूक झाली की रागावत मात्र माझ्यावर. नाचता येईना अंगण वाकडे, असे मी मनात म्हणे.

एक उणीव मात्र खरीच होती. मायक्रोचे चिन्ह, ते खाली शेपटी असलेले, माझ्याजवळ नव्हते. ग्रॅमच्या आधी ते आले की ग्रॅमचा दहा लाखावा भाग होतो. चित्राताई तेवढी जागा मोकळी सोडत आणि संशोधक अरुंधतीबाई काळ्या शाईने तिथे चिन्ह काढत.

अरुंधतीबाईंनी भोसरीच्या मातीतल्या एका बुरशीवर तीन वर्षे काम केले होते. तिच्यातून काढलेल्या औषधाचे अवघे पाच मायक्रोग्रॅम जंतू मारायला पुरत. १९७९ साली हैदराबादला शास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांना या कामाची माहिती देणारा मोठा तक्ता भिंतीवर लावायचा होता. प्रमुख अण्णासाहेबांनी बजावले होते, की तिथे लोकांना पटले तर काम चालू, नाहीतर बुरशी बंद आणि बाई तपासणी विभागात.

आधी कामाचा गोषवारा परिषदेकडे पाठवायचा होता. निळ्या चौकटीचा एकच फॉर्म आला होता. त्यावर जे टाइप होईल त्याचाच फोटो परिषदेच्या पुस्तकात छापणार होते. दुसऱ्या दिवशी गुरुवार, कारखान्यांची सुट्टी. म्हणून पाकीट बुधवारी चारच्या आत टपालात रजिस्टर व्हायला हवे होते. साडेतीनला शेवटची ओळ संपली. बाईंनी कागद तीनदा वाचला. आकडा इतका पाठ होता, की मोकळी जागा त्यांना दिसलीच नाही. मला दिसत होती. पाच, मग काही नाही, मग ग्रॅम. मी काय करणार? शिपाई सोनबा पाकीट घेऊन सायकलवर निघाला आणि मी नुसता पाहत राहिलो.

शुक्रवारी माझ्यावरची धूळ पुसता पुसता सोनबा म्हणाला, "बाई, परवा शाईची बाटली न्हाई काढली तुमी. ती शेपटी काढायची न्हवती व्हय?"

बाईंनी कार्बनची प्रत ओढून ती ओळ शोधली. चित्राताई रडू लागल्या. तार केली, चार दिवसांनी उत्तर आले, की पाने छापखान्यात गेली, आता बदल नाही. अण्णासाहेब म्हणाले, "पाच ग्रॅम टाकले तर जंतू वजनानेच मरतील. लोक हसतील. नाव मागे घ्या."

"चूक माझी आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी तिथे उभी राहीन."

मग आठवडाभर टेबलावर मोठे कागद पसरले. ठळक अक्षरे साच्याने काढली, कारण माझी लांबून दिसत नाहीत; माझ्या वाट्याला आकृत्यांखालच्या ओळी. यावेळी चित्राताईंनी प्रत्येक मोकळी जागा मोठ्याने सांगितली आणि बाईंनी ती तिथल्या तिथे भरली. तक्त्याच्या माथ्यावर बाईंनी लाल शाईने लिहिले, की पुस्तकातला आकडा चुकला आहे. ते पाहून माझी शाईची फीत सुकली.

पुढचे मला बाई परत आल्यावर कळले. परिषदेत दिवसभर त्या दौत-टाक घेऊन तक्त्यापुढे उभ्या होत्या. येईल त्याचे पुस्तक मागून घ्यायचे, चिन्ह भरायचे, मगच बुरशीविषयी बोलायचे. काही जण हसले. दोघांनी मात्र बसून सगळे आकडे तपासले आणि नंतर बुरशीचा नमुना मागणारी पत्रे पाठवली. ती वाचून अण्णासाहेब एवढेच म्हणाले, "चालू ठेवा."

चित्राताईंनी विचारले, "किती पुस्तके दुरुस्त झाली?"

"एकशे त्रेचाळीस," बाई म्हणाल्या. "छापली होती सहाशे."

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे, फीतही वाळली आहे. पण ती उरलेली चारशे सत्तावन्न पुस्तके माझ्या मनातून जात नाहीत. कुठल्या तरी कपाटात ती असतील आणि त्यांत माझीच ओळ चुकीचे सांगत असेल. तुम्ही परीक्षेत गाळलेल्या जागा भरता ना? तसले एखादे पुस्तक हाती आले, तर पाच आणि ग्रॅम यांच्यामध्ये ते शेपटीवाले चिन्ह तेवढे काढा. मला ते येत नाही.