चुकलेलं पातं

"ही बघा, मॅमथच्या दाताची मूठ," दुकानातल्या मुलीनं सहावी सुरी काचेवर ठेवली. "भेट द्यायला लोक हीच नेतात."

"मला भेट नाही द्यायची," प्रोकोपी म्हणाला. "ससे सोलायचेत."

एप्रिलपासून त्याचे शब्द तोंडातून जरा घरंगळतच बाहेर पडत. मुलीला नीट कळलं नसावं. तिनं मागं स्टुलावर बसलेल्या आग्राफेनाकडं पाहिलं. "कितीपर्यंतची दाखवू, काकू?"

"त्यालाच विचार," आग्राफेना म्हणाली. दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन ती डोळे मिटून बसली होती. पहाटे दोन गायींच्या धारा काढून, तीन तास गाडीत हाडं खिळखिळी करून ती नवऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन आली होती. परतीच्या गाडीला तासभर होता, आणि तेवढ्यात त्याला हे दुकान आठवलं होतं.

एकतीस वर्षं प्रोकोपीनं गावच्या बॉयलरघरातले, घराघरात उबेसाठी गरम पाणी फिरवणारे पंप सांभाळले. उणे पन्नासात पंप दोन तास बंद पडला तर घराघरातले नळ फुटतात, म्हणून हिवाळ्यात त्यानं कधी रजा घेतली नव्हती. एप्रिलमध्ये पंपावर वाकलेला असताना हातातला पाना खाली पडला. तो उचलायला गेला, तर हात खाली जाईना. मग पायही गेला. पाय परत आला, लंगडत का होईना. उजवा हात मात्र नुसता लटकत राहिला.

त्यांच्याकडं मांस मोठ्या तुकड्यांत उकडून पुढ्यात येतं. ज्यानं त्यानं आपल्या सुरीनं ओठांपाशी कापून खायचं. सहा महिने आग्राफेना त्याच्या वाटीत बारीक तुकडे करून देत होती, दात नसलेल्या पोराला द्यावेत तसे. त्यानं डाव्या हातानं जुनी सुरी धरून पाहिली होती. अंगठा कापला, तेव्हा तिनं ती उचलून फळीवर ठेवून दिली.

गेल्या रविवारी अफानासी आला. चाळीस वर्षं दोघं मिळून सशांच्या शिकारीला जात. "दहा तारखेला निघतोय," तो म्हणाला होता. "तू बंदूक नको घेऊस. शेकोटी बघ, चहा बघ. जमलं तर ससे सोल." त्यातलं ते 'जमलं तर' प्रोकोपीच्या कानात आठवडाभर घुमत होतं.

आतून लोहार बाहेर आला. मोइसेइ त्याचं नाव, चाळिशीचा, भुवया जळालेल्या. काचेवरच्या सुऱ्या त्यानं बाजूला सारल्या, एक साधी सुरी आणि बर्चची काटकी पुढं केली. "जरा तासून दाखवा, काका."

प्रोकोपीनं काटकी उजव्या कोपराखाली अंगाच्या भारानं दाबली आणि डाव्या हातानं सुरी चालवली. पातं सरळ लाकडात घुसून अडकलं. दुसऱ्यांदाही तेच.

"मुळात डावरे आहात?"

"नाही. आता झालोय."

मोइसेइनं पातं उजेडात धरलं. "आपल्या सुरीचा एक गाल फुगीर असतो, दुसरा सपाट, खाच असलेला. ही उजव्या हातासाठी घडवलीय. डाव्यात घेतली की लाकडात तोंड खुपसते. डाव्याची उलटी घडवावी लागते. देतो करून, तीन आठवड्यांत. नऊ हजार पडतील."

प्रोकोपीच्या खिशात चार हजार होते. आणि तीन आठवड्यांनी अफानासी शिकारीहून परतूनही आलेला असेल.

"चल, म्हाताऱ्या," आग्राफेना उठली. "गाडी जाईल. कापून देतेच आहे ना मी."

ती दारापर्यंत गेली. प्रोकोपी हलला नाही. मोइसेइनं मान खाजवली, खाली वाकून एक खण ओढला आणि चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी वर काढलं.

"एक आहे. पण खोटं नाही सांगत, ही मुद्दाम डावरी केलेली नाही. मेहुण्याच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घडवायला बसलो होतो. डोकं ठिकाणावर नव्हतं. खाच भलत्याच गालावर पाडली. मोडून टाकणार होतो, पण पोलाद जुन्या कानशीचं, चांगलं. मन होईना. मूठ बसवली नि ठेवून दिली."

मूठ साध्या बर्चची, तेलही न पाजलेली, एका बाजूला काळी गाठ. प्रोकोपीनं ती मुठीत घेतली. काटकी पुन्हा कोपराखाली दाबली. या वेळी पातं लाकडावरून सरकत गेलं आणि एक लांब, पातळ ढलपी वळत वळत जमिनीवर पडली.

"किती?" त्यानं विचारलं.

"तीन हजार द्या, म्यानासकट. चुकीचे जास्त कसे घेऊ?"

प्रोकोपी हसला, अर्ध्या चेहऱ्यानं. "दे बाबा. माझं तरी सरळ काय चाललंय आता!"

मोइसेइनं दाराकडं पाहिलं. "काकू, तुमची काही हरकत?"

"ओठ कापून घेईल एखाद दिवशी, एवढंच," आग्राफेना म्हणाली. मग पुन्हा बोलली ती लोहाराकडं बघून, पण लोहाराशी नव्हे. "घेऊ दे त्याला. सहा महिन्यांत मी एक घास गरम खाल्लेला नाही. आधी त्याचं कापायचं. तोवर माझ्या ताटलीत चरबी थिजते."

प्रोकोपी तिच्याकडं बघत राहिला. रोज समोरासमोर बसून जेवत होते दोघं. त्याच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं डाव्या हातानं एकेक नोट काढून काचेवर ठेवली.

परतीच्या गाडीत ती त्याच्या उजवीकडं बसली.

"सांगायचं नाहीस का?" तो म्हणाला.

"काय सांगायचं? तुझं तुला कमी होतं का?" असं म्हणून ती त्याच्या उजव्या खांद्यावर मान टाकून झोपून गेली. त्या खांद्याला काही जाणवत नव्हतं. तिचं डोकं तिथं आहे हे त्याला काचेतल्या प्रतिबिंबात दिसत होतं. खड्डा आला की तो डाव्या हातानं समोरची दांडी घट्ट धरी आणि अंग हलू देत नसे.

दहा तारखेला तो अफानासीबरोबर गेला. आग्राफेनानं म्यानाचा पट्टा उसवून डाव्या मांडीसाठी शिवून दिला होता. पाच जण होते. चौघं झुडपांतून हाकारत गेले, प्रोकोपी शेकोटीपाशी राहिला. दुपारपर्यंत अकरा ससे आले, पाठीवर अजून तांबूस, पायांकडून पांढरे होत चाललेले.

"ठेवा इथं," तो म्हणाला.

पहिला ससा त्यानं मागच्या पायांनी फांदीला टांगून घेतला. उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून त्या बाजूच्या खांद्यानं तो ससा झाडाच्या बुंध्याशी दाबून धरी आणि डाव्यानं चिरत जाई. कातडं दोन ठिकाणी फाटलं. दुसऱ्याचं एकाच ठिकाणी फाटलं. बाकीच्यांनी आपापल्या सुऱ्या काढल्या आणि गप्पा मारत सात ससे हातासरशी उरकले. त्याचा तेव्हा तिसरा चालू होता. कपाळावरचा घाम थंडीत गोठत होता.

एक जण उरलेल्या चौथ्या सशाकडं सरकला. "आण इकडं, प्रोकोपीदादा, मी करतो."

"तू लाकडं आण," अफानासी त्याला म्हणाला. "शेकोटी विझायला आलीय."

शेकोटी चांगली पेटलेली होती. तो माणूस एकदा शेकोटीकडं, एकदा अफानासीकडं बघून लाकडं आणायला निघून गेला.

चौथा ससा सोलून झाला तेव्हा उजेड कलला होता. चहा कधीच उकळून बाजूला ठेवलेला होता, पण कुणी मगांत ओतला नव्हता. प्रोकोपीनं पातं बर्फात पुसलं, एका गालानं, मग दुसऱ्यानं. म्यानात घालायला गेला, तर म्यान मांडीवर हलायला लागलं, नि ते धरायला दुसरा हात नव्हता. टोक निसटलं. पुन्हा निसटलं. त्यानं झाडाला टेकून पाय वाकवला, म्यान बुंध्यावर दाबलं आणि अंदाजानं टोक आत लोटलं.

अफानासी शेकोटीकडं तोंड करून बसला होता. सुरी म्यानात बसल्याचा आवाज आल्यावर त्यानं किटली उचलली.