आंदणात दिलेला गोल

चौथ्या भागाला असोद्यात बसायला जागा उरली नव्हती. पहिला भाग लोकांनी आपापल्या मोबाइलवर पाहिला, दुसरा कुणाच्या तरी टीव्हीवर. तिसऱ्यात अर्ध्या गावाला आपली तोंडं दिसली, तेव्हा क्लबचा सेक्रेटरी मगन जळगावहून प्रोजेक्टर घेऊन आला आणि केळीच्या वखारीच्या भिंतीला चुना मारून घेतला. ती भिंत किती वर्षं तशीच पोपडे धरून उभी होती. सिनेमासाठी एका दुपारी पांढरी झाली.

'खालची लीग' असं त्या मालिकेचं नाव. पुण्याची पोरं आख्खा एक हंगाम गावात राहून, कळण्याच्या भाकरी खाऊन, कॅमेरे फिरवून गेली होती. केळी-कापसाच्या गावात फुटबॉलचा क्लब, तोही विभागाच्या सगळ्यात खालच्या गटातला, हे त्यांना फार गोड वाटलं. आणि गोड वाटलं की माणूस त्यातल्या माश्या मोजत नाही.

उषा बायांच्या मागच्या रांगेत बसली होती. तिला यायचंच नव्हतं. सासू बेबाबाई म्हणाली, "चाल वं माय, भूपेंद्र दिसतो म्हणे आज. नवरा भिंतीवर दिसणार आन् तू घरात भांडे घासत बसशील?" म्हणून आली. आजच्या भागात कोणती मॅच आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी उरकल्यावर, असोदा आणि शिंदखेडा याच गावच्या मैदानावर भिडले होते. जिंकेल तो कप घेऊन वरच्या गटात जाणार. उषाचं सासर असोदा, माहेर शिंदखेडा, आणि शिंदखेड्याचा गोलकीपर तिचा पाठचा भाऊ हिलाल. मॅच संपत आली तेव्हा असोद्याचा एक फटका गेला. हिलाल जागचा हलला नाही. चेंडू जाळीत, रेफरीची शिट्टी, गाव मैदानात. हिलाल जाळीकडे बोट करून ओरडत राहिला, की चेंडू बाहेरून शिरला, बाजूची जाळी फाटलीय. रेफरी आला, त्यानं जाळी ओढून पाहिली. जाळी धड होती. विषय संपला.

संपला तो असोद्यात. शिंदखेड्यात तिथून सुरू झाला. कुणीतरी लांबून काढलेला व्हिडिओ फिरला, त्यात हिलाल खांबासारखा उभा. लोकांना दुसरा पुरावा लागतो कुठे? "बहीणले असोदाले दिधी, आन् गोल आंदनमा दिधा!" हे वाक्य पारावर जन्मलं आणि संध्याकाळपर्यंत पोरासोरांच्या तोंडी झालं. एके सकाळी हिलालच्या घराच्या कडीला जुने ग्लोव्हज टांगलेले निघाले, आत बांगड्या भरलेल्या. ज्या लोकांनी त्या पोराला खांद्यावर घेऊन गाव फिरवलं होतं, त्यांनीच भरल्या होत्या. हिलाल सुरतेला गेला. तिथं साड्यांच्या मार्केटात गठ्ठे वाहतो.

आणि त्यांच्या बापानं, प्रेमराज नानांनी, लेकीला मूळ लावणं, म्हणजे माहेरी न्यायला माणूस धाडणं, बंद केलं. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते, पण आपल्या पायांनी जात नाही. माहेरचा माणूस मुराळी होऊन दारात येतो, तिला मानानं घेऊन जातो. उषाचा मुराळी नेहमी हिलालच असायचा. तो गेला, आणि दुसरं कुणी आलं नाही. दोन आखाज्या तिनं दुसऱ्यांच्या झोक्यांकडे पाहून काढल्या. तिसरी आठवड्यावर आली होती.

या सगळ्यात तिला एकाच गोष्टीचा आधार होता. तिचा नवरा भूपेंद्र हा असोद्याचा पहिल्या नंबरचा फॅन. गोलामागे ढोल घेऊन उभा राहणारा. सगळं गाव हिलालच्या नावानं हसलं, पण भूपेंद्र कधी एक शब्द बोलला नाही. ना बरा, ना वाईट. याला ती नवऱ्याचा मोठेपणा समजत आली होती.

भिंतीवर आता तो फटका आला. पोरांनी गोलामागेही एक कॅमेरा रोवून ठेवला होता. चेंडू अगदी सावकाश आला, वरून सनई वाजली, गाव हवेत उडालं. शिट्ट्यांनी वखार दणाणली. पुण्याच्या पोरांना नाचणारी माणसं हवी होती, ती त्यांनी मन लावून दाखवली. एक म्हातारा टोपी फेकतोय, एक बाई डोळे पुसतेय.

उषा चेंडू पाहत नव्हती. ती भाऊ शोधत होती. आणि भाऊ शोधताना तिला कोपऱ्यात नवरा दिसला.

भूपेंद्रचा ढोल जमिनीवर होता. सगळे नाचत असताना तो एकटा खाली वाकलेला. हातात केळीच्या झाडाला आधाराला बांधतात ती प्लास्टिकची पट्टी. दोनदा फिरवली, गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं. मग उठून दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "गोल!"

ती गाठ तिनं बागेत हजारदा पाहिली होती. दातानं तोडू नका म्हणून हजारदा सांगितलंही होतं.

"मगनभाऊ," ती उभी राहून म्हणाली, "मागं घ्या. तो गोल परत दाखवा."

"घ्या!" मगन हसला. "वहिनी, नवऱ्याले घरी पाहून पोट नाही भरत का?"

हशा पिकला. मगननं हौसेनं मागं घेतलं. पुन्हा चेंडू, पुन्हा सनई. उषा चालत पुढे गेली आणि भिंतीवर बोट ठेवलं. तिची सावली निम्म्या गावावर पडली, पण कोपरा उघडा राहिला.

"इथं पाहा. नाचू नका, इथं पाहा."

आता सगळ्यांनी पाहिलं. चेंडू बाहेरून शिरला ते दिसलं. भोक दिसलं. पट्टी दिसली. वखारीत अशी शांतता झाली की प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येऊ लागला. उषाला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल. एक जण तरी म्हणेल, की अरे, तो पोरगा खरं बोलत होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे वा रे भूपेंद्र! तू तं गाव राखलं रे!"

मग टाळ्या. आधी तुरळक, नंतर पावसासारख्या. "बारावा खेळाडू आपला!" "उचला रे त्याले!" दोघा-तिघांनी भूपेंद्रला खांद्यावर घेतलं. तो "अरे सोडा, सोडा" करत होता. त्याची मान खाली होती. पण उषानं नीट पाहिलं, क्षणभर तो हसला. त्या पट्टीपेक्षा तिला ते हसू जास्त लागलं.

घरी बेबाबाई चुलीपुढं बसली. भूपेंद्र ओट्यावरच घुटमळला.

"बोला," उषा म्हणाली.

"काय बोलू? त्या वेळी डोकं चालतं का? जाळी मीच बांधली होती सकाळी. सुटली तं माझं नाव खराब. हात आपोआप गेला."

"हात आपोआप गेला. बरं. आणि दोन वर्षं तोंड?"

"मले काय ठाऊक तुझ्या भावावर येईल?"

"आलं तेव्हा तर ठाऊक झालं. बांगड्या टांगल्या त्याची बातमी तुम्हीच मला सांगितली होती. चहा पीत सांगितली होती."

बेबाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "भूप्या, तुझा बाप खोटा व्हता, पण येवढा नव्हता."

"शिंदखेड्याला जा," उषा म्हणाली. "मैदानावर उभं राहून सांगा. माझ्या कानात नको, त्यांच्या कानात सांगा."

"मारतील मले."

"मारतील तर खा. त्यानं खाल्लाच ना तुमचा मार!"

सकाळपर्यंत तो तुकडा सगळीकडे गेला होता. उषानं मोबाइल घेऊन एकेक मेसेज वाचला. शिंदखेड्याचे फॅन पेटले होते. 'असोदा चोर.' 'कप परत करा.' 'वरच्या गटातली जागा आमची.' असोद्याचे उलट टाकत होते, 'रडा आता.' 'दम असेल तर या.' कुणी भूपेंद्रच्या फोटोला मुकुट लावला, कुणी चपलांचा हार. दोन गावं कपासाठी एकमेकांची आईबहीण काढत होती. आणि ज्याच्या दारात बांगड्या टांगल्या, त्याचं नाव? तिनं वरून खाली, खालून वर शोधलं. कुणीही घेतलं नव्हतं. अन्याय गावावर झाला होता म्हणे. पोरगा मध्येच कुठं तरी गळून पडला होता.

तिनं सुरतेला फोन लावला. मागं हातगाड्यांचा, हमालांचा गलका.

"हिलाल, पाहिलंस का रे?"

"देखं, अक्का."

"चेंडू बाहेरून गेला. आता सगळ्या जगाला दिसलं."

"माले तवयच दिसनं व्हतं."

"पण जाळी कुणी बांधली ते..."

तिकडून गठ्ठा खाली टाकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी दाजीले देखं, अक्का. पट्टी बांधतांना. रेफरी इचारी ऱ्हायना व्हता, आन् दाजी मन्हाकडे देखी ऱ्हायना व्हता."

"मंग बोलना का नही रे तू?" दोन वर्षांनी तिच्या तोंडात माहेरची बोली आली.

"काय बोलतू? तुले तठे जलम काढना शे."

तिनं फोन ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही. शेवटी तिकडून कुणीतरी त्याला शिवी देऊन हाक मारली, तेव्हा तो गेला.

भूपेंद्र दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्यानं मोटारसायकल काढली.

दिवस मावळताना तो परतला. अंगावर ओरखडा नव्हता. पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला.

"मारलं नाही?"

"मारलं असतं तं बरं झालं असतं. मी सांगितलं, चेंडू बाहेर होता, जाळी मी बांधली. त्यांनी मोबाइल काढले. म्हणे परत सांग, आवाज बरोबर नाही आला. परत सांगितलं. तं टाळ्या वाजवल्या. 'कप आणा, कप आणा' म्हणून नाचायले लागले. मी म्हटलं, अरे, हिलालचं काय? माझ्या साल्याची माफी कोण मागंल? तं एक जण म्हणे, ते जाऊ द्या हो, आता कपाचं बोला." त्यानं तांब्या परत उचलला. "तुझे नाना मागं उभे होते. काठी टेकून. माझ्याकडं आले नाही. गर्दीकडं पाहून थुंकले आन् घरी गेले."

उषा उठली. पिशवीत एक लुगडं टाकलं. सांज्याच्या पोळ्या गरम होत्या, त्या फडक्यात बांधल्या.

"कुठं?" भूपेंद्र उठला. "मूळ आलं नाही अजून. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणणं ऐकून झालं माझं. मी माहेरी नाही चालले. सुरतेला चाललेय. माझा मुराळी तिथं गठ्ठे वाहतोय. त्याला कोण आणायला जाणार? तुमचा क्लब? त्यांचा क्लब? मीच जाते."

"मी येतो सोबत."

"नको. तो तुम्हाला पाहील आणि पुन्हा गप्प बसेल. आधी मी त्याला बोलतं करते. मग तुम्हाला बोलावलं तर या. नाही बोलावलं, तर समजून घ्या."

बेबाबाईनं चुलीजवळून हाक मारली, "थांब वं." पदराच्या गाठीतून कुंकवाची डबी काढून तिनं सुनेच्या कपाळाला बोट लावलं. माहेरी निघालेल्या बाईला लावतात तसं.

जळगाव स्टेशनपर्यंत भूपेंद्रनं सोडलं. उतरताना तो म्हणाला, "परत येशील नं?" उषानं त्याच्याकडं पाहिलं. खोटं बोलायचं नाही म्हणून तिनं पिशवी उचलली आणि ती आत गेली.

रात्र स्टेशनावर काढून तिनं सकाळची सुरतेची गाडी धरली. बाया, पोती, कामाला चाललेली पोरं. तिनं नानांना एकच फोन केला होता. "नाना, मी हिलालले लेवाले चालनू. गाडी शिंदखेडावरून जास." नानांनी फोन ठेवला होता.

अमळनेर गेलं. ऊन वर आलं, शेतं नांगरून उघडी पडलेली. एका वळणावर कुणीतरी लिंबाला झोका बांधत होतं, आखाजीचा. तिनं नजर काढून घेतली.

शिंदखेडा आलं तेव्हा ती दारात उभी राहिली. प्लॅटफॉर्म जवळजवळ रिकामा होता. गाडी थांबली, दोन माणसं उतरली, एक चढलं. तिनं आत वळायला पाय उचलला.

तेवढ्यात दिसले. पलीकडच्या टोकाला, काठी टेकत, जमेल तेवढ्या घाईनं येणारे प्रेमराज नाना. धोतर परटाघरचं. डोक्याला नवी पांढरी टोपी. खांद्यावर कोरं उपरणं. लेकीला न्यायला मुराळी होऊन बाप निघतो, तो असाच निघतो.

तिनं हात दिला. नाना धापा टाकत चढले, दारातच टेकले. शिट्टी झाली, गाडी हलली. बापानं दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

"मी त्याले येकदा बी इचारं नही, पोरी," ते म्हणाले. "लोकेस्नं आयकं. पोरगाले इचारं नही."

उषानं फडकं सोडलं. एक पोळी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. बाकीच्या तिनं पुन्हा घट्ट बांधल्या, भावासाठी.