समुद्रकाकडी आणि चौशिंगा

“समुद्रकाकडी घाबरली की सरळ स्वतःची आतडी बाहेर टाकते,” जगदेवराव इस्पितळातल्या खाटेच्या कडेला बसून सांगत होते. “शत्रू त्यातच गुंततो. काही आठवड्यांत हिला नवी आतडी येतात.”

अहल्याबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढली. आता थोड्याच वेळात त्यांचं उजवं मूत्रपिंड काढणार होते. त्यांना भीती वाटत होती, आणि नवरा काकडी घेऊन बसला होता.

उभा जन्म बडोद्यात जीवशास्त्र शिकवण्यात गेलेला माणूस. मधे रेघ मारून दोन्ही बाजूंना फरक लिहिल्याशिवाय त्यांना काही समजावताच येत नसे. प्रतापनगरातलं घर घ्यावं की लहरीपुऱ्यातलं, हेसुद्धा त्यांनी असंच मांडलं होतं. आज खडू नव्हता, म्हणून बोटानं चादरीवरच रेघ मारली. इकडे ओख्याच्या वाळूतली समुद्रकाकडी. तिकडे डांगच्या जंगलातला चौशिंगा, चार शिंगांचा, दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललेला. धोका दिसला की गवतात दगडासारखा उभा राहतो, म्हणाले.

“मादीला असतात शिंगं?”

“नाही. फक्त नराला.”

“म्हणजे तिनं नुसतंच उभं राहायचं.”

एरवी ते हसले असते.

“आणि अहो, आतलं काही काढलं, तर तिला येतं परत?”

बोट रेघेवरच थांबलं. उत्तर शाळकरी पोरालाही आलं असतं. जगदेवरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. हा पाठ आपल्यासाठी चाललाच नव्हता, हे अहल्याबाईंना तेव्हा कळलं. त्यांची भीती काही कमी झाली नाही. आता ती दोघांच्या वाट्याची वाटू लागली. मग त्यांनी दूध तापवताना समोरून हलू नका, गॅस बंद केल्याची दोनदा खात्री करा, असं बरंच काही बजावलं. ते प्रत्येकाला हो म्हणत गेले.

नर्स आली. “बेन, दागिना बधा उतारी आपो.”

बांगड्या साबण लावून निघाल्या. मंगळसूत्र काढताना केसात अडकलं, ते जगदेवरावांनीच सोडवलं. खिसा चाचपला, त्याचा भरवसा वाटला नसावा.

स्ट्रेचर हललं. दारापाशी अहल्याबाईंनी मान वळवून पाहिलं. भरल्या वॉर्डात, सगळ्यांदेखत, जगदेवराव त्यांचं मंगळसूत्र स्वतःच्या गळ्यात घालून सदऱ्याचं वरचं बटण लावत होते. काज काही सापडत नव्हतं.