उजवीकडे वळवलेली मूठ

मित्रांनो, मी टपाल वाहून नेणारे एक जुने विमान आहे. गेली एकतीस वर्षे या निर्जन जंगलात पोटावर पडून आहे. माझा एक पंख झाडांत अडकला आहे आणि नाकात मुंग्यांनी घर केले आहे. त्याची तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

डोंगरापलीकडच्या वस्त्यांना मी पत्रे आणि औषधे न्यायचो. एकदा तर टोपलीभर कोंबडीची पिल्लेही नेली. नऊ वर्षे मला एकाच वैमानिकाने चालवले. माझ्या दोन्ही पंखांत इंधनाची एकेक टाकी होती. आसनाजवळची मूठ फिरवली, की टाकी बदलायची.

त्या दुपारी उडता उडता इंजिन बंद पडले. वैमानिकाने लगेच मूठ डावीकडून उजवीकडे वळवली. पण दोन्ही टाक्यांतल्या इंधनात पाणी शिरले होते. आम्ही कोसळलो आणि तो जागीच गेला. शोधायला आलेल्यांनी त्याला उचलून नेले. मला कुणी नीट पाहिलेही नाही. चौकशीचा अहवाल कार्यालयात बसूनच लिहिला गेला : वैमानिक टाकी बदलायला विसरला. इथे येणाऱ्या हौशी प्रवाशांच्या बोलण्यातून मला हे कळले. मित्रांनो, माझा नुसता संताप झाला. पण मला तोंड कुठे आहे?

या प्रवाशांनी तरी काय केले? कुणी वेग-उंची दाखवणाऱ्या तबकड्या उपटून नेल्या, कुणी दारावर नावे कोरली, कुणी मूठ फिरवत फोटो काढले. माझी साक्ष माझ्या डोळ्यांदेखत पुसली गेली.

गेल्या आठवड्यात वैमानिकाची बायको आणि मुलगी दोन दिवस चालून इथे आल्या. मुलगी विमानांची इंजिने दुरुस्त करते. ती थेट मुठीपाशी वाकली.

"काय दिसतंय गं?" आईने विचारले.

"डावीकडे आहे. पण आई, याला शंभर जणांचे हात लागलेत. आता यावरून काहीच सांगता येणार नाही."

आई म्हणाली, "म्हणजे हे विसरले, असंच राहणार."

त्यांच्याबरोबर आलेला म्हातारा वाटाड्या घुटमळला. मग म्हणाला, "ताई, अपघातानंतर वर्षभरानं मी इथे आलो होतो. तेव्हा मूठ उजवीकडे होती. मीच फिरवली. उगाच, गंमत म्हणून."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?" मुलीचा आवाज चढला.

"कुणी विचारलंच नाही. आणि माझ्या शब्दाला कोण किंमत देणार?"

मुलीने त्याच्याकडून कागदावर लिहून घेतले. कार्यालय हे मानणार नाही, असे तीच पुटपुटली. आईने मात्र फुटक्या खिडकीतून हात घालून आसनावरचा पालापाचोळा झाडला. "मी मानलं," ती म्हणाली. "मला एवढं पुरे."

मुलीला ते पुरले नाही. मलाही नाही.

म्हणून विनवतो, मित्रांनो, मोडक्या वस्तूला गंमत म्हणून हात लावू नका. कदाचित तिला काही विचारायला कुणीतरी अजून यायचे असेल.